कोकणचा मार्ग आखताना: रेल्वे कुठवर, मोटार कुठून

दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जायचे ठरले की घरोघरी पहिला वाद एकच होतो. आपली गाडी काढायची की रेल्वेची तिकिटे बघायची? माझ्या मते हा प्रश्न फार लवकर विचारला जातो. आधी कुठे कुठे थांबायचे ते ठरावे, मग थांब्यांचा क्रम, मग कुठल्या गावी किती रात्री. वाहनाचा विचार सगळ्यात शेवटी, आणि तोही प्रत्येक टप्प्यासाठी वेगळा करावा. कोकणात तर असे केल्यावाचून गत्यंतर नाही, कारण इथे रेल्वे आणि समुद्र शेकडो किलोमीटर शेजारी शेजारी जातात, पण एकमेकांना क्वचितच भेटतात.

असे का, हे समजून घेतले तर निम्मे नियोजन आपोआप होते. कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर धावते. २६ जानेवारी १९९८ पासून या पूर्ण मार्गावर गाड्या सुरू झाल्या. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली हा मार्ग आखणाऱ्या अभियंत्यांच्या एका हाताला सह्याद्रीचे कडे होते आणि दुसऱ्या हाताला खाड्या. कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटण, कर्ली, तेरेखोल अशा एकामागून एक नद्या समुद्राला मिळतात, आणि मुखाशी त्यांचे पात्र रुंद व गाळाचे होते. तिथे पूल बांधणे महाग आणि अवघड. म्हणून रूळ आत सरकले, जिथे नद्या अजून अरुंद असतात. शिवाय वेगवान गाड्यांसाठी चढ फार सौम्य ठेवायचा होता, दीडशे मीटर अंतराला एक मीटर इतकाच. मग डोंगर चढून जाण्याची सोय उरली नाही, तो पोखरावा लागला. त्यातून ९१ बोगदे आणि दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल झाले. उक्षी आणि भोके यांच्या दरम्यानचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. रत्नागिरी सोडल्यावर लागणारा पानवलचा पूल दरीच्या तळापासून ६४ मीटर उंचावरून जातो. दिवसाउजेडी गेलात तर या पुलासाठी तरी खिडकी सोडू नका.

पण आत सरकलेल्या रुळांची किंमत प्रवाशाला स्टेशनावर उतरल्यावर मोजावी लागते. खेडहून दापोली तीसेक किलोमीटर, चिपळूणहून गुहागर पंचेचाळीसच्या घरात. रत्नागिरीचे स्टेशन शहराबाहेर कुवारबावजवळ आणि तिथून गणपतीपुळे पुन्हा तीसेक किलोमीटर. कुडाळहून मालवण तीस, वेंगुर्ले पंचवीस. देवगडला जायचे तर नांदगाव किंवा कणकवलीला उतरून चाळीस-पन्नास किलोमीटर. ज्या स्टेशनांच्या नावापुढे ‘रोड’ लागते, राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड, तिथे मूळ गाव स्टेशनला लागून नाही असे धरूनच चालावे. सर्वांत मोठी फसगत ‘सिंधुदुर्ग’ या स्टेशनाची होते. ते जिल्ह्याच्या मुख्यालयाजवळ, ओरोसला आहे. शिवरायांनी बांधलेला किल्ला मालवणच्या समुद्रात, तिथून पस्तीसेक किलोमीटर दूर. किल्ल्याचे नाव बघून तिकीट काढले तर जास्तीचे भाडे मोजण्याची तयारी हवी.

एवढे नकाशावर मांडले की कोकणाचे दोन तुकडे दिसू लागतात, आणि वाहनाचा निर्णय दोन्हीकडे वेगळा येतो.

उत्तरेकडचा तुकडा म्हणजे रायगडचा दक्षिण किनारा आणि दापोली-गुहागर. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, वेळास, केळशी, आंजर्ले, दाभोळ, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी ही गावे किनाऱ्यावर एका माळेत आहेत. ती एकेक करून पाहायची तर रेल्वेचा उपयोग फारसा नाही. हरिहरेश्वरहून वेळासला जायला मधे फक्त सावित्रीची खाडी आहे, पण रेल्वेने तेच करायचे तर माणगावला परत या, खेडला उतरा, मग मंडणगडकडून खाली जा. दिवस गेला. याच किनाऱ्यावर मोटारीला मात्र एक सुंदर सोय आहे, ती म्हणजे वाहने नेणाऱ्या फेरीबोटी. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. गाडी बोटीवर चढवायची, काही मिनिटे खारा वारा खायचा आणि पलीकडच्या तालुक्यात उतरायचे. दाभोळला बोट नसेल तर गुहागर गाठायला खेड-चिपळूणचा मोठा वळसा पडतो. हे चार खाडीपार टप्पे जोडले की मुरूड-जंजिऱ्यापासून गणपतीपुळ्यापर्यंत समुद्र फारसा न सोडता जाता येते. हा मार्ग मोटारीचा, यात मला तिळमात्र शंका नाही. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वेळासला कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात. ती पाहायला भल्या पहाटे किनाऱ्यावर हजर राहावे लागते, तेव्हा हाताशी स्वतःचे वाहन किंवा गावातच मुक्काम, दोन्हीपैकी एक हवेच.

दक्षिणेकडचा तुकडा रत्नागिरीपासून गोव्यापर्यंत. इथे पारडे रेल्वेकडे झुकते. मुंबई ते मालवण रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या आसपास पडते. राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या चौपदरीकरणाचे काम २०११ पासून चालले आहे. कशेडी घाटाला बोगद्याचा पर्याय मिळाला, बरेच पट्टे छान झाले, तरी थांबे धरून दहा-अकरा तासांचा हिशेब ठेवावा लागतो. तेच अंतर कोकणकन्या एक्सप्रेस रात्रीत कापते. अकराच्या सुमारास मुंबई सोडायची, सकाळी कुडाळला उतरायचे आणि न्याहारीला मालवणात. मांडवी एक्सप्रेस सकाळी सातच्या सुमारास निघते आणि दुपारी रत्नागिरीला पोहोचते. तिच्या डब्यांतून फिरणाऱ्या खाण्याची ख्याती आहे आणि ती खरी आहे. जून २०२३ पासून मुंबई ते मडगाव वंदे भारतही धावते. पण कोकणातले तिचे थांबे मोजके आहेत. खेड, रत्नागिरी, कणकवली आणि मग थेट गोव्यात थिवी. मालवणला जाणाऱ्याने तिने यायचे तर कणकवलीला उतरावे लागते. गाडीचा वेग पाहण्याआधी तिचे थांबे पाहावेत, ते एवढ्यासाठी.

आता क्रम आणि रात्री. सहा ठिकाणे कुठल्या क्रमाने पाहायची याचे गणिताने ७२० प्रकार होतात. आठ ठिकाणे घेतली तर ४०,३२०. राजस्थानासारख्या चौफेर पसरलेल्या प्रदेशात हे कोडे खरोखर डोके खाते. कोकण मात्र उत्तर-दक्षिण अशी एक चिंचोळी पट्टी आहे, त्यामुळे क्रम जवळजवळ ठरलेलाच येतो. खरा प्रश्न आकाराचा उरतो. एक तर सरळ रेषा, म्हणजे एका टोकाला शिरायचे आणि दुसऱ्या टोकाहून परतायचे. दुसरा आकार वर्तुळाचा, किनाऱ्याने खाली उतरून घाटाने वर यायचे. तिसऱ्यात एका गावी ठाण मांडून रोज वेगळ्या दिशेला फिरून यायचे.

रेषेला रेल्वे शोभते, कारण रेल्वेने आलेल्या माणसाला मागे ठेवलेल्या गाडीकडे परतावे लागत नाही. रत्नागिरीला उतरा, कुडाळहून घरी जा, किंवा उलट. मोटारीने गेलात की परतीचे तेवढेच किलोमीटर पुन्हा कापावे लागतात, आणि शेवटचा एक अख्खा दिवस त्यात जातो. वर्तुळ मात्र मोटारीचे, विशेषतः देशावरच्या लोकांसाठी. पुण्याहून ताम्हिणीने माणगावला उतरता येते, भोरकडून वरंधाने महाडला. कराडकरांना कुंभार्ली घाट चिपळूणला नेतो, कोल्हापूरकरांना आंबा घाट रत्नागिरीकडे, करूळ आणि भुईबावडा वैभववाडीला, फोंडा कणकवलीकडे, आणि बेळगाव-आजऱ्याकडच्यांना आंबोली सावंतवाडीला. एका घाटाने उतरून दुसऱ्याने चढलात तर एकही रस्ता दोनदा लागत नाही. पुण्याहून कोकण रेल्वेवर थेट जाणाऱ्या गाड्या मोजक्याच आहेत. बहुतेकांना पनवेलला येऊन गाडी बदलावी लागते, म्हणून पुणेकराचा हिशेब मुंबईकरापेक्षा वेगळाच असायला हवा.

रात्रींबाबत माझे मत ठाम आहे. एका गावी किमान दोन रात्री. मुक्काम हलवण्याच्या दिवशी सामान बांधणे, खोली सोडणे, जेवण, प्रवास, नवी खोली मिळणे यात दुपार कधी टळली ते कळत नाही. पाच दिवसांत पाच मुक्काम केले तर किनारा खोलीच्या खिडकीतूनच दिसतो. पाच रात्री असतील तर दोन गावे, फार तर तीन. एखादे ठिकाण वगळताना वाईट वाटते, पण विजयदुर्ग घाईने पाहण्यापेक्षा पुढच्या वेळी निवांत पाहिलेला बरा. तो किल्ला अर्ध्या तासात उरकण्याजोगा नाहीच.

वेळेचा अंदाज घेताना फोनवरचा नकाशा जे तास दाखवतो त्यात चहा, लघुशंका, फेरीबोटीची रांग, वाटेतले शहाळे आणि मुलांना लागणारी गाडी यातले काहीच नसते. महामार्गावर तासाला पन्नास किलोमीटर आणि किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर तीस ते पस्तीस धरले की हिशेब सहसा चुकत नाही. सागरी मार्गावरचे शंभर किलोमीटर म्हणजे तीन तास. तेही रमत जायचे तीन तास, घाईचे नव्हेत. आरे-वारेच्या वळणावर गाडी थांबवावीशी वाटणारच.

खर्चाची तुलना लोक बहुधा इंधन आणि तिकीट अशी करतात. इंधनाचा खर्च गाडीमागे येतो, तिकिटाचा माणसामागे. मुंबई-मालवण जाऊन-येऊन आणि तिथले फिरणे मिळून १,३०० किलोमीटर झाले, गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि लिटरचे शंभर रुपये धरले, तर साडेआठ ते नऊ हजारांचे इंधन लागते. हे पैसे एकट्याने द्या किंवा पाच जणांत वाटा. म्हणून एकटा-दुकटा प्रवासी किंवा जोडपे यांना रेल्वे बहुतेक वेळा स्वस्त पडते. चार-पाच जण असले की वातानुकूलित डब्याची तिकिटे आणि मोटारीचा खर्च जवळजवळ येतो, आणि शयनयान डब्याने गेले तर रेल्वे पुन्हा पुढे जाते. मात्र रेल्वेच्या बाजूला स्टेशन ते गाव आणि गावातले फिरणे यांचे भाडे मिळवायला विसरू नये. कोकणात भाड्याची गाडी एका बाजूने सोडायला घेतली तरी परतीचे भाडे बहुधा द्यावे लागते. ते आधी विचारून घ्यावे. मोटारीच्या बाजूला टोल, फेरीबोट, टायरची झीज आणि चालक ठेवला असेल तर त्याचा भत्ता व त्याच्या झोपण्याची सोय.

पण पैशाच्या हिशेबात न बसणारी एक गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. गाडी चालवणाराही सुट्टीवर आलेला असतो. घरात गाडी चालवणारे एकच माणूस असेल, तर दहा तासांच्या प्रवासानंतर पहिली संध्याकाळ त्याची नसते, आणि परतीच्या आदल्या रात्री त्याच्या डोक्यात उद्याचा रस्ताच असतो. मुले मागे झोपलेली, बायको किंवा नवरा शेजारी पेंगतोय, आणि तो एकटा समोरच्या ट्रकचे दिवे बघत जागा. रात्री निघून पहाटे पोहोचायची कोकणी सवय यासाठीच मला धोक्याची वाटते. वळणांचा रस्ता आणि पहाटे तीन-चारची गुंगी एकत्र येऊ देऊ नये. घरात दोघे चालवणारे असतील, आणि अदलाबदल खरोखर होत असेल, तरच मुंबई-मालवण एका दमात मोटारीने करावे. नाहीतर चिपळूणला एक मुक्काम टाकावा.

वयस्कर माणसे बरोबर असली तर मी रेल्वेच सुचवेन. स्वच्छतागृह हाताशी असते, पाय मोकळे करता येतात, पाठ टेकता येते. मात्र मधल्या स्टेशनांवर गाडी दोन-तीन मिनिटेच थांबते, आणि फलाट बदलायला सगळीकडे उद्वाहक नाही. सामान आधीच दाराजवळ आणून ठेवावे, आणि जितक्या बॅगा तितके हात आहेत का हे घरीच बघावे.

रेल्वे ठरवलीत तर आरक्षणाची व्यवस्था नीट समजून घ्यायला हवी, कारण कोकणच्या तिकिटांवर गणपती, शिमगा, दिवाळी, नाताळ आणि मे महिना अशी वर्षभर झुंबड असते. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. खोली आधी आणि तिकीट नंतर असा क्रम ठेवणारे अडकतात. गर्दीच्या दिवसांत तिकीट मिळेल त्या तारखेभोवती मुक्काम बसवावा. प्रतीक्षा यादीचेही प्रकार आहेत. गाडी जिथून सुटते तिथून मिळणारी सर्वसाधारण यादी पुढे सरकण्याची शक्यता सर्वांत जास्त, मधल्या स्टेशनांसाठीच्या सामायिक कोट्याची यादी मात्र हळू हलते. म्हणून ठाण्याहून चढायचे असले तरी तिकीट मुंबईपासून काढून चढण्याचे स्थानक ठाणे नोंदवणे कधीकधी शहाणपणाचे ठरते. आरएसी मिळाले तर बसायला जागा पक्की. पण तक्ता लागल्यावरही प्रतीक्षा यादीतच राहिलेले ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होते, त्यावर गाडीत चढता येत नाही. तत्काळचे दार प्रवासाच्या आदल्या दिवशी उघडते, वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी दहाला आणि बाकीच्यांसाठी अकराला. पण कुटुंबाची सहल तत्काळवर टांगून ठेवू नये.

मार्गात थांबून पुढे जाण्याचा म्हणजे प्रवास खंडित करण्याचा नियम अनेकांना माहीत नसतो. पाचशे किलोमीटरपेक्षा लांबच्या एकेरी तिकिटावर, पहिले पाचशे किलोमीटर कापल्यानंतर, दोन दिवसांपर्यंत उतरता येते. मुंबई-गोव्याच्या मधल्या थांब्यांना त्याचा लाभ नसल्यासारखाच. केरळपर्यंत जाणाऱ्याला किंवा दक्षिण भारत फिरणाऱ्याला मात्र रेल्वेचे वर्तुळाकार प्रवासाचे तिकीट फार मोलाचे आहे. निघालो त्याच स्थानकावर परत यायचे, वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी थांबायचे आणि सगळा मार्ग एकाच तिकिटात. रेल्वेचे भाडे अंतराबरोबर दर किलोमीटरला उतरत जाते, त्यामुळे तुकड्यातुकड्यांची तिकिटे काढण्यापेक्षा हे स्वस्त पडते. त्यासाठी मार्ग आधी रेल्वेच्या कार्यालयात मंजूर करून घ्यावा लागतो आणि प्रत्येक टप्प्याचे आरक्षण वेगळे करावे लागते.

स्टेशनावर उतरल्यावर एसटीला विसरू नका. महिलांना निम्मे भाडे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास, त्यामुळे मोठ्या कुटुंबाला ती फार स्वस्त पडते. फक्त आगाराची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवावी, कारण दुपारच्या मधल्या तासांत गाड्या विरळ होतात. मालवण आणि गोव्यात दुचाकी भाड्याने मिळते. स्वतः चालवायला घेतलेल्या वाहनाची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असायला हवीत. खाजगी पांढऱ्या पाटीची गाडी कोणी स्वस्तात देऊ केली तर नको म्हणावे. अपघात झाला तर विम्याचे दार बंद असते.

पावसाळ्यात सगळेच गणित बदलते. कोकण रेल्वे जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत वेगळे वेळापत्रक लावते. दरडींच्या भीतीने गाड्या हळू चालतात आणि रुळांवर गस्त असते. वंदे भारत तर त्या काळात आठवड्यातून कमी दिवस धावते. घाटरस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या साधारण ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. आंबोली पाहायला पावसाळाच हवा, पण समुद्र पाहायला नको.

एक मधला मार्गही उघडू लागला आहे. मालट्रक रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढवून नेण्याची सेवा कोकण रेल्वे १९९९ पासून कोलाडहून चालवते. २०२५ च्या गणेशोत्सवात कोलाड ते गोव्यातल्या वेर्णापर्यंत खाजगी मोटारींसाठीही तशी सेवा सुरू झाली. गाडी रेल्वेवर आणि माणसे जोडलेल्या डब्यात. चालवणाऱ्याला झोप मिळते आणि पोहोचल्यावर स्वतःची गाडी दारात. अशी सेवा वर्षभर, अधल्यामधल्या स्टेशनांसह चालावी असे मला मनापासून वाटते.

मुंबईच्या चौघांच्या कुटुंबाला सहा रात्री असतील, तर मी असा मार्ग सुचवेन. मांडवीने रत्नागिरी, तिथून भाड्याच्या गाडीने गणपतीपुळे, दोन रात्री. तिसऱ्या दिवशी दुपारची मांडवी रत्नागिरीहून पकडून संध्याकाळी कुडाळ, मालवणात तीन रात्री. मग आंबोलीने घाट चढून कोल्हापूर, महालक्ष्मीचे दर्शन, तांबडा-पांढरा रस्सा, आणि त्याच रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने घर. एकही मोठा टप्पा दोनदा नाही आणि सहावी रात्र रेल्वेत. पुणेकरांनी याच्या उलट आपली मोटार काढावी, ताम्हिणीने उतरून दिवेआगर, बोटीने वेसवी, आंजर्ले, दाभोळहून पुन्हा बोटीने गुहागर आणि कुंभार्लीने कराडमार्गे घर.

कोकणकन्येने जाणाऱ्यांनी तारीख मात्र दोनदा वाचावी. ती मुंबईहून रात्री अकरानंतर सुटते आणि पनवेलला मध्यरात्र उलटून पोहोचते. त्यामुळे पनवेलहून चढणाऱ्याच्या तिकिटावर पुढच्या दिवसाची तारीख असते. आणि परतीचे आरक्षण परतीच्या गाडीच्या तारखेच्या साठ दिवस आधी उघडते. म्हणजे सहा दिवसांच्या सहलीसाठी सकाळी आठ वाजता संगणकापुढे दोन वेगवेगळ्या दिवशी बसावे लागते.